फ्यूम हूड: सेकंदाला अर्धा मीटर हवेचा भरवसा

रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये भिंतीला लागून उभं असलेलं, वरखाली सरकणाऱ्या काचेचं ते मोठं कपाट बी.एस्सी.ला गेलेल्या बहुतेकांनी पाहिलेलं असतं. कुणी त्याला फ्यूम हूड म्हणतं, कुणी फ्यूम कपबोर्ड. तारापूर, महाड, लोटे, कुरकुंभ इथल्या केमिकल कंपन्यांत क्यूसी (मालाची तपासणी) किंवा आर अँड डीला (संशोधन) लागलेल्या मुलामुलींचा तर दिवसातला बराच वेळ त्याच्यासमोर जातो. पण ‘ब्लोअर चालू करा आणि वाफा येणारं काम आत करा’ यापलीकडे त्याबद्दल फारसं शिकवलं जात नाही. म्हणून हा लेख.

सुरुवात एका आकड्याने करू. हूडच्या उघड्या भागातून आत जाणाऱ्या हवेचा वेग साधारण सेकंदाला अर्धा मीटर असतो. माणूस सहज चालतो तो सेकंदाला सव्वा ते दीड मीटर. म्हणजे तुम्हाला विषारी वाफेपासून वाचवणारी हवा तुमच्या मागून चहाला निघालेल्या सहकाऱ्याच्या निम्म्यापेक्षाही कमी वेगाने वाहत असते. हूडचं सगळं संरक्षण एवढ्या संथ प्रवाहावर उभं आहे. हे लक्षात आलं की हूडचे बहुतेक नियम पाठ करावे लागत नाहीत, आपले आपणच सुचतात.

हवा जाते कुठून कुठे

हूडच्या मागच्या भिंतीपुढे काही अंतर सोडून एक पत्रा किंवा तक्ता बसवलेला असतो. त्याला बॅफल म्हणतात. त्याला तळाशी, मध्ये आणि वर फटी असतात. ब्लोअर हवा ओढतो ती या फटींतून, मग डक्टमधून, म्हणजे हवा वाहून नेणाऱ्या मोठ्या नळीतून, वर गच्चीवर. फटी तीन ठिकाणी ठेवण्यामागे कारण आहे: नुसतं वरूनच ओढलं असतं तर तळाशी रेंगाळणाऱ्या जड वाफा तिथेच राहिल्या असत्या. हायड्रोजन सल्फाइड, ब्रोमीन, क्लोरोफॉर्म, डायक्लोरोमिथेन यांच्या वाफा हवेपेक्षा जड. त्यांच्यासाठी खालची फट मोकळी असणं फार महत्त्वाचं, आणि नेमकी तीच बाटल्यांनी झाकली जाते.

पुढची सरकती काच म्हणजे सॅश. सॅशच्या खालच्या बाजूला, टेबलाच्या कडेला, एक गोलसर पट्टी असते. तिच्याखालून हवा टेबलाला चाटून आत जाते. पुष्कळ जण ही पट्टी हात टेकायला वापरतात किंवा तिच्याखालची फट टिश्यू आणि कागदांनी बुजवतात. ती फट मुद्दाम ठेवलेली आहे. ती बंद केली की टेबलाच्या पुढच्या कडेवर हवा गिरक्या घेऊ लागते आणि आतली वाफ कडेपर्यंत येते.

ब्लोअर कुठे बसवलाय, हेही पाहून ठेवावं. तो डक्टच्या शेवटी, म्हणजे गच्चीवर असला पाहिजे. मग इमारतीतून जाणाऱ्या सगळ्या डक्टमध्ये दाब बाहेरच्यापेक्षा कमी राहतो. कुठे सांधा उघडला तरी खोलीतली हवा डक्टमध्ये ओढली जाते. ब्लोअर हूडच्या डोक्यावरच बसवला तर पुढची डक्ट दाबाखाली येते, आणि तीच फट वरच्या मजल्यावरच्या वर्गात वाफ सोडते. खर्च वाचवायला असं केलेलं असू शकतं, म्हणून विचारलं पाहिजे.

आता वेगाचं. साधारण ०.४ ते ०.६ मीटर प्रति सेकंद हा वेग चांगला मानतात. वेग याच्या खाली गेला की वाफ बाहेर निसटते, हे कुणालाही पटतं. पण वेग फार वाढवणंही वाईट, हे पटायला वेळ लागतो. हवा जोरात आली की ती उपकरणांवर, हातांवर, सॅशच्या कडेवर आदळून भोवरे करते, आणि त्या भोवऱ्यांतून वाफ पुढे येते. बारीक पावडर वजन करत असाल तर ती उडून जाते, बर्नरची ज्योत हलते. ‘मोठा ब्लोअर बसवा म्हणजे झालं’ हा उपाय पैसे घालवून धोका विकत घेण्याचा आहे.

साध्या हूडमध्ये ब्लोअर ठरावीक हवा ओढतो. त्यामुळे सॅश जितकी वर, तितका वेग कमी. समजा सॅश ४५ सेंटिमीटर उघडी असताना वेग ०.५ आहे. ती ७० सेंटिमीटरपर्यंत वर नेली की तोच वेग जेमतेम ०.३२ उरतो. हूडच्या कडेला बाणाची खूण किंवा स्टिकर असतो तो सॅश किती उंचीपर्यंत उघडायची ते दाखवायला. काम करताना काच त्या खुणेवर किंवा त्याहून खाली हवी. उपकरण मांडताना वर करायची असेल तर करा, पण तेव्हा आत काहीही वाफ सोडणारं नको. शिवाय काच तुमच्या चेहऱ्याच्या आणि फ्लास्कच्या मध्ये असते. उकळून उडालेल्या ॲसिडचे शिंतोडे हवा अडवत नाही, काच अडवते.

तुम्ही स्वतःच अडथळा आहात

ही गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते आणि तीच सगळ्यांत कमी सांगितली जाते. ओढ्याच्या मध्यभागी एखादा धोंडा असतो तेव्हा पाणी दोन्ही बाजूंनी वाहून जातं आणि धोंड्याच्या पलीकडे लहानसा भोवरा फिरत राहतो. तिथे पडलेलं पान पुढे जात नाही, धोंड्याकडेच परत येतं. हूडसमोर उभा राहिलेला माणूस म्हणजे तो धोंडा. खोलीतली हवा त्याच्या दोन्ही खांद्यांवरून आत जाते, आणि त्याच्या छातीपुढे, त्याच्या आणि हूडच्या मधल्या जागेत, हवेचा भोवरा तयार होतो. कडेजवळ ठेवलेल्या बीकरची वाफ या भोवऱ्यात सापडली की सरळ नाकाकडे चढते.

म्हणूनच सगळं काम सॅशच्या रेषेपासून निदान १५ सेंटिमीटर आत करायचं. वीतभर धरा. टेबलावर रंगीत टेप लावून रेघ मारून ठेवली तर नवीन मुलांना सांगावं लागत नाही. वाफ सोडणारी वस्तू शक्य तितकी मागे, पण मागच्या फटीवर नाही. कडेजवळच्या त्या वीतभर जागेत फार तर बंद पेन ठेवा.

हात आत घालताना आणि बाहेर काढताना सावकाश. झटक्यात काढलेला हात आपल्यामागे हवा ओढून आणतो. डोकं तर कधीच आत नाही, मीनिस्कस (नळीतल्या द्रवाची वक्र पातळी) वाचायलाही नाही. ब्युरेट (द्रव मोजून सोडायची काचेची नळी) आत असेल तर ती अशी लावा की काचेतून आकडा दिसेल.

आता खोलीकडे वळू. आपल्याकडच्या कॉलेजच्या लॅबमध्ये छताला पंखे असतात, खिडक्या उघड्या असतात, आणि मे महिन्यात ते दोन्ही बंद करा असं सांगणं जिवावर येतं. तरीही सांगायला हवं. पाचवर फिरणाऱ्या पंख्याखाली हवेचा वेग हूडच्या वेगापेक्षा सहज जास्त असतो. हूडच्या तोंडावर आडवी येणारी हवा हूडच्या वेगाच्या निम्म्याहूनही बरीच कमी असावी, असा साधारण नियम आहे. पंखा हा नियम क्षणात मोडतो. ए.सी.चा झोत, शेजारचं सारखं उघडझाप होणारं दार, टेबल फॅन यांचंही तेच. सगळे पंखे बंद करणं शक्य नसेल तर निदान हूडजवळचा पंखा कायमचा काढून टाका. हूड दाराजवळ किंवा ये-जा असलेल्या पॅसेजमध्ये बसवलेला असेल तर तो हलवायचा आग्रह धरा. तोवर काम चालू असताना मागून ये-जा होऊ देऊ नका.

आतला पसारा

हूड हे सॉल्व्हंट ठेवायचं कपाट नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. तरी वास येणारी बाटली आपसूक तिथेच ठेवली जाते. एकामागून एक बाटल्या येतात, मग वेस्टचा कॅन येतो, मग गेल्या महिन्यातला, लेबल पुसलेला फ्लास्क. खालची फट झाकली जाते आणि हवेचा मार्ग बदलतो. त्यात आग लागली तर जळायला सगळं साहित्य एकाच जागी तयार असतं. दिवसाच्या कामाला लागेल तेवढंच आत, बाकी हवेशीर केमिकल कपाटात.

मोठी वस्तू आत ठेवावीच लागली, उदाहरणार्थ हीटिंग मँटल (फ्लास्क तापवायचं साधन) किंवा रोटाव्हेपर (सॉल्व्हंट उडवून वेगळं करायचं यंत्र), तर ती चार ठोकळ्यांवर टेबलापासून पाचेक सेंटिमीटर उचलून ठेवा, म्हणजे हवा खालून जाते. स्विच बोर्ड हूडच्या बाहेर असावा. ईथरच्या वाफेत प्लग ओढला तर ठिणगीला तेवढं पुरतं.

आणि एक वाईट सवय: नको असलेलं सॉल्व्हंट उघड्या बीकरमध्ये हूडमध्ये ठेवून उडवून टाकणं. ते नाहीसं होत नाही, गच्चीवरून शेजाऱ्यांच्या हवेत जातं. वेस्टसाठी झाकणाचा कॅन असतो.

खोलीतून एवढी हवा जाते, मग येते कुठून?

थोडं गणित करू. सॅशचं उघडं तोंड दीड मीटर रुंद आणि ४५ सेंटिमीटर उंच, वेग ०.५. म्हणजे सेकंदाला सुमारे ०.३४ घनमीटर हवा बाहेर जाते, तासाला बाराशे घनमीटरच्या वर. ८ बाय ६ मीटरच्या आणि ३ मीटर उंचीच्या खोलीत एकूण हवा १४४ घनमीटर. एकच हूड ती सगळी हवा दर सात मिनिटांनी बाहेर फेकतो. तेवढीच हवा आत येत राहिली पाहिजे.

इथेच बऱ्याच नव्या लॅब अडकतात. खोलीला ए.सी. लावला, खिडक्या सील केल्या, दाराला रबर लावलं, पण ताजी हवा आत आणायची सोयच केली नाही. मग ब्लोअर घुमतो, आवाज जोरदार येतो, पण ओढायला हवाच नसल्याने हूडच्या तोंडावरचा वेग घसरतो. लक्षण ओळखायला सोपं: हूड चालू असताना दार उघडायला जोर लागतो, किंवा दाराच्या फटीतून शिट्टी वाजते.

एका खोलीत दोन हूड असतील आणि एकच चालू असेल तर आणखी वेगळा धोका. चालू हूड खोलीतली हवा ओढतो, खोलीतला दाब कमी होतो, आणि बंद असलेल्या दुसऱ्या हूडच्या डक्टमधून गच्चीवरची हवा उलटी खाली येते. त्या बंद हूडमध्ये कुणी उघडा बीकर ठेवला असेल तर त्याची वाफ खोलीत पसरते. म्हणून एका खोलीतले हूड एकत्र चालू आणि एकत्र बंद करण्याची पद्धत ठेवावी.

हूड चालतोय हे कसं ओळखायचं

आवाजावरून नाही. ब्लोअरचा पट्टा सैल झाला तरी मोटर घुमतेच. त्याहून फसवं म्हणजे, लाइनचं काम झाल्यावर थ्री-फेजचे दोन फेज उलटे जोडले गेले तर सेंट्रिफ्यूगल ब्लोअर उलटा फिरतो. गंमत अशी की तो उलटा फिरतानाही हवा त्याच दिशेला ढकलतो, फक्त बरीच कमी. त्यामुळे हूडमध्ये कागद धरला तर तो आतच वळतो आणि सगळं ठीक वाटतं. इलेक्ट्रिशियन येऊन गेला की ब्लोअरच्या अंगावरचा दिशेचा बाण आणि पंख्याची फिरण्याची दिशा जुळते का ते कुणीतरी गच्चीवर जाऊन पाहावं.

वासावरूनही नाही. हायड्रोजन सल्फाइडचं उदाहरण घ्या. सडक्या अंड्यांचा तो वास अगदी थोड्या प्रमाणातही येतो, पण हवेत ते साधारण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास गेलं की काही मिनिटांत नाकाची संवेदनाच बधिर होते. वास गेला म्हणजे गॅस गेला, असं समजून माणूस तिथेच उभा राहतो. सॉल्ट ॲनॅलिसिसला हा गॅस तयार करणारं किप्स ॲपरेटस वापरणाऱ्या कॉलेजांनी हे मुलांना पहिल्याच प्रॅक्टिकलला सांगावं. तांब्यावर नायट्रिक ॲसिड टाकल्यावर येणारा तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइड आणखी फसवा. श्वासातून गेला तर तेव्हा थोडा खोकला येतो, बरं वाटतं, आणि काही तासांनी फुप्फुसांत पाणी भरू शकतं. असा गॅस अंगावर आला असेल तर त्रास थांबला म्हणून घरी न जाता डॉक्टरांकडे जायचं, आणि कोणता गॅस होता ते त्यांना सांगायचं.

रोजची तपासणी सोपी आहे. टिश्यूची पातळ पट्टी सॅशच्या खालच्या कडेला चिकटवा, ती आत झुकली पाहिजे. तिने दिशा कळते, पुरेसा वेग आहे की नाही ते कळत नाही. आत ज्वलनशील काहीही नसेल तेव्हा उदबत्तीचा धूर कडेकडेने फिरवून पाहिला तर बरंच जास्त दिसतं: कोपऱ्यात धूर घुटमळतो का, काचेच्या मागे गोल फिरतो का, बाहेर येतो का. गरम पाण्यात कोरड्या बर्फाचे तुकडे टाकून आत ठेवले तर दाट पांढरं धुकं मिळतं आणि ते जड असल्याने तळाची फट ओढते की नाही तेही दिसतं. ही तपासणी करताना समोर कुणाला तरी उभं करा. रिकाम्या हूडसमोर धूर नीट आत जातो. माणूस उभा राहिला की खरं चित्र दिसतं.

वर्षातून एकदा तरी ॲनिमोमीटरने (हवेचा वेग मोजायच्या उपकरणाने) मोजमाप हवं. उघड्या तोंडाचे सारखे चौकोन कल्पून प्रत्येकाच्या मध्यभागी वेग घ्यायचा. सरासरी ०.५ आली पण एका कोपऱ्यात ०.२ असेल तर त्या हूडला पास म्हणू नका, कारण वाफ सरासरीतून निसटत नाही, त्या कोपऱ्यातून निसटते. खरी कसोटी याहूनही कडक असते. अमेरिकेतल्या ॲशरे ११० या हूड तपासण्याच्या प्रमाणित पद्धतीत हूडच्या आत सल्फर हेक्झाफ्लोराइड मिनिटाला चार लिटर सोडतात, समोर पुतळा उभा करतात, आणि पुतळ्याच्या नाकाशी किती गॅस पोचतो ते मोजतात. जागेवर बसवलेल्या हूडसाठी ०.१ पीपीएमच्या आत आकडा हवा. नवीन हूड घेताना कंपनीकडे या चाचणीचा रिपोर्ट मागा.

हूडवर अलार्म असेल तर तो कर्कश वाजतो, आणि लोक त्यावर टेप लावून टाकतात. अलार्म सारखा वाजत असेल तर सॅश फार वर आहे किंवा हवा कमी आहे. दोन्ही दुरुस्त करता येतं.

जे हूडच्या हातात नाही

मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमधला लॅमिनार एअर फ्लो दिसायला हूडसारखाच असतो. तिथेही समोर काच, आत दिवा. पण त्यातली हवा गाळून तुमच्या तोंडावर येते, कारण तो नमुना वाचवायला बनवला आहे, तुम्हाला नाही. त्यात फॉर्मल्डिहाइड किंवा सॉल्व्हंट उघडलं तर सगळी वाफ थेट अंगावर. बायोसेफ्टी कॅबिनेटही वेगळं. त्याचा हेपा नावाचा अतिबारीक फिल्टर जंतू आणि कण अडवतो, वाफ त्यातून आरपार जाते, आणि सर्वसाधारण प्रकारात बहुतेक हवा पुन्हा आतच फिरते. डक्ट नसलेल्या कार्बन फिल्टरच्या हूडलाही मर्यादा आहेत: कोणता फिल्टर कोणत्या वाफेसाठी, तो कधी भरतो, याची नोंद नसेल तर तो नुसता पंखा आहे.

परक्लोरिक ॲसिड तापवायचं असेल तर साध्या हूडमध्ये कधीच नाही. त्याची वाफ डक्टमध्ये थंड होऊन बसते आणि तिथे परक्लोरेटचे थर साठतात. पुढे कधीतरी डक्ट खोलताना पाना आपटला तरी त्यांचा स्फोट होऊ शकतो. त्यासाठी आतून पाण्याने धुतला जाणारा वेगळा हूड लागतो.

आणि हूड त्वचेचं रक्षण करत नाही. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या प्राध्यापक कॅरन वेटरहान ऑगस्ट १९९६मध्ये डायमिथाइलमर्क्युरी हे पाऱ्याचं अतिशय विषारी संयुग हाताळत होत्या. काम हूडमध्ये, हातात लॅटेक्सचे ग्लोव्ह्ज, म्हणजे त्या वेळच्या समजुतीप्रमाणे सगळी काळजी घेतलेली. ग्लोव्हवर पडलेले मोजके थेंब त्यातून आत झिरपले. लक्षणं काही महिन्यांनी दिसली आणि जून १९९७मध्ये त्या गेल्या. नंतरच्या चाचणीत दिसलं की हे रसायन तसल्या ग्लोव्हमधून १५ सेकंदांच्या आत पार होतं. म्हणून ग्लोव्ह निवडताना त्या विशिष्ट रसायनाचा तक्ता बघायचा. हूड चालू आहे म्हणून गॉगल आणि ग्लोव्ह्जमध्ये सूट मिळत नाही.

गच्ची, पाऊस आणि लाइट

डक्टचं तोंड गच्चीपासून निदान तीन मीटर उंच हवं, आणि हवा सरळ वर जोरात फेकली गेली पाहिजे. कोकणात पावसाचं पाणी आत जाईल म्हणून त्यावर पत्र्याची टोपी बसवायचा मोह होतो. ती टोपी वाफ परत खाली गच्चीवर दाबते, तिथून ती ए.सी.च्या किंवा खिडकीच्या वाटेने इमारतीत येते. पावसासाठी टोपीऐवजी पाणी बाजूने निचरा होईल अशी दुहेरी नळी बसवता येते. गच्चीवर टाकी साफ करायला किंवा सोलर पॅनल धुवायला माणूस जाणार असेल तर लॅबला आधी कळवण्याची पद्धत हवी.

राहिली लाइट. लॅबमधले दिवे जनरेटरवर असतात, पण गच्चीवरचा ब्लोअर त्यावर जोडलाय का, हे विचारून ठेवा. लाइट गेली की आधी हॉट प्लेट आणि मँटलचे स्विच बंद करा, गॅस सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा, कंडेन्सरचं पाणी चालू राहू द्या, सॅश पूर्ण खाली ओढा आणि खोलीबाहेर पडा. स्विच बंद करणं विसरू नका, कारण लाइट परत आली की हॉट प्लेट आपोआप तापायला लागते. ब्लोअरचा स्टार्टर मात्र तसा नसतो. तो लाइट गेल्यावर सुटतो आणि कुणीतरी हिरवं बटण दाबेपर्यंत परत लागत नाही. आत फ्लास्क उकळतोय आणि वर ब्लोअर बंद, अशी परिस्थिती रिकाम्या खोलीत तयार होते. म्हणून परत आल्यावर पहिलं काम स्टार्टर, मग टिश्यूची पट्टी आत झुकते का ते पाहणं, काही मिनिटं हवा वाहू देणं, आणि त्यानंतरच काच वर.